ओळखपत्रावरचा ‘ओ’ आणि परळचा शोध

दर वर्षी १४ एप्रिलच्या सुमारास घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या वस्त्यांतून रक्तदान शिबिरे भरतात आणि आमचे कितीतरी माजी विद्यार्थी त्या रांगांत उभे राहतात. रक्तगट विचारला की ए, बी, एबी किंवा ओ, पुढे पॉझिटिव्ह वा निगेटिव्ह, एवढे उत्तर मिळते. ते पुरेसे असतेच असे नाही. हे समजावून घ्यायचे तर मुंबईच्याच इतिहासाचे एक पान उलगडावे लागेल. आमचा विषय इतिहास असल्याने तेवढी मोकळीक वाचक देतील, अशी आशा आहे.

लाल रक्तपेशीच्या पृष्ठभागावर शर्करेच्या व प्रथिनांच्या विशिष्ट रचना असतात. त्यांना प्रतिजन म्हणतात. शरीराला परका वाटणाऱ्या प्रतिजनाविरुद्ध रक्तद्रवात जी प्रथिने तयार होतात, ती प्रतिपिंडे. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये ए-बी-ओ गट दाखवून दिले. त्यानंतरच्या शोधांतून आज चाळीसहून अधिक रक्तगट प्रणाली मान्य झालेल्या आहेत.

त्यांपैकी एका नवलाचा शोध परळचा आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एका नव्या रक्तगट-गुणधर्माची नोंद केली. तोच पुढे ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून जगभर ओळखला गेला. त्याचे मर्म असे की, पेशीवर आधी ‘एच’ नावाचा प्रतिजन असतो. तो भिंतीवरच्या खुंटीसारखा समजावा. ए आणि बी या त्या खुंटीवर अडकवलेल्या वस्तू. ओ गटात खुंटी असते, पण मोकळी. बॉम्बे गटात खुंटीच नसते. नेहमीच्या तपासणीत पेशींवर ए-विरोधी आणि बी-विरोधी द्रव घालून पाहतात. मोकळी खुंटी आणि नसलेली खुंटी, दोन्हींचे उत्तर ‘ओ’ येते. पण बॉम्बे गटाच्या रक्तद्रवात एच-विरोधी प्रबळ प्रतिपिंडे उपजतच असतात, म्हणून ओ गटाचे रक्त चढवले तर ते त्याच्यासाठी प्राणघातक ठरू शकते. त्याला बॉम्बे गटाचेच रक्त लागते. रक्तद्रव ओ पेशींशी मिसळून पाहिला तर ही चूक उघडी पडते. रक्तपेढीत ही उलट तपासणी आणि क्रॉस-मॅच यासाठीच आग्रहाने केली जाते.

भारतात या गटाचे प्रमाण साधारण दहा हजारांत एक मानले जाते, तर युरोपात तो दहा लाखांत एखाद्याला असतो. आई आणि वडील दोघांकडून तो सदोष जनुक आला तरच हा गट होतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. बाबासाहेबांनी १९१६ च्या कोलंबियातील निबंधात अंतर्विवाह हे जातीचे मर्म म्हटले, ते समाजशास्त्राच्या अंगाने. लहान वर्तुळात पिढ्यानपिढ्या लग्ने झाली की दडलेले जनुक एकमेकांना भेटतात, हे आनुवंशशास्त्राने पुढे स्वतंत्रपणे दाखवले.

आणखी एक गोष्ट पालकांनी अवश्य ध्यानात ठेवावी. बॉम्बे गटाच्या स्त्रीजवळ ए वा बी चा जनुक सुप्त असू शकतो. तिच्या कार्डावर ‘ओ’, नवऱ्याच्या कार्डावर ‘ओ’ आणि मूल मात्र ए गटाचे, असे घडू शकते. शाळेतल्या कार्डांवरून कोणी एखाद्या आईविषयी कुजबुज करील, तर ती शास्त्राच्या अज्ञानातून आलेली आहे, असे आम्ही निक्षून सांगू.

केल, डफी, किड या प्रणालींची रीत निराळी. त्यांची नावेदेखील रुग्णांच्या आडनावांवरूनच आलेली आहेत. यांची प्रतिपिंडे सहसा उपजत नसतात. परके रक्त चढल्यानंतर किंवा गर्भारपणात ती तयार होतात, त्यामुळे पहिल्या वेळी काही बिघडत नाही. किडविरोधी प्रतिपिंडे तर विशेष फसवी. काळ गेला की ती क्षीण होऊन चाचणीत सापडत नाहीत, आणि पुन्हा तसेच रक्त मिळाले की काही दिवसांनी उसळून नव्या पेशी फोडतात. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागते. बोरिवली पूर्वेला महापालिकेचे केंद्र आहे, तेथे अशी मुले येतात. ज्यांच्या शरीरात अनेक प्रतिपिंडे साचली, त्यांच्यासाठी जुळणारी पिशवी शोधणे दरवेळी कठीण होत जाते. म्हणून रक्त चढवण्यास आरंभ करण्यापूर्वीच मुलाचे सविस्तर प्रतिजन-परीक्षण करून घ्यावे आणि तो कागद जपून ठेवावा.

१९७३ मध्ये मुंबईतील संशोधकांनीच आणखी एक प्रतिजन नोंदवला, त्यातून ‘इंडियन’ ही प्रणाली उभी राहिली. तो सुमारे तीन-चार टक्के भारतीयांत आढळतो, पाश्चात्त्यांत जवळजवळ नाहीच. अशा गटांसाठी परदेशातून आलेली चाचणी-सामग्री किंवा परदेशी रक्तदाता फारसा उपयोगी पडत नाही. दाते इथल्याच लोकांतून हवेत. शिबिरात रक्त देणाऱ्यांनी आपला गट दुर्मीळ ठरल्यास कळवावे, अशी विनंती रक्तपेढीला करून ठेवावी. कोणाचा बॉम्बे गट निघालाच, तर प्रथम सख्ख्या भावंडांची तपासणी करावी. त्यांच्यापैकी प्रत्येकाला तोच गट असण्याची शक्यता चारांत एक असते.