शिडीवरून पडणं आणि पॅराशूटमधून उतरणं

आज विषय जरा घरचा आहे. इथे बेंगळुरूत आमच्या सोसायटीचा सुरक्षारक्षक गेल्या महिन्यात पाण्याच्या टाकीच्या शिडीवरून पडला. साताऱ्याकडचा गडी, वय 44, पॅरा पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त. उंची जेमतेम 10 फूट, पण उजवी टाच फुटली. पेन्शनवर चूल पेटते हो, मुलीची फी मात्र या नोकरीवर होती.

भेटायला गेलो तर म्हणाला, "साहेब, आग्र्याला विमानातून उड्या मारल्या, खरचटलं नाही. शिडीनं घात केला."

मी त्याला हिशोब सांगितला, तुम्हालाही सांगतो. 10 फुटांवरून पडणारा माणूस जमिनीवर ताशी साधारण 28 किलोमीटर वेगानं आदळतो. गोल पॅराशूटखाली उतरणारा जवान याहून थोडा सावकाश येतो, 6 फुटी भिंतीवरून उडी मारल्यासारखा. म्हणजे फरक वेगात फारसा नाही, तयारीत आहे. आग्र्याला पंख मिळवायला 5 उड्या लागतात, त्यातली एक रात्रीची. पण त्याआधी जमिनीवर पडण्याचाच सराव घोटून घेतात. पाय जुळलेले, गुडघे किंचित वाकलेले, हनुवटी छातीला. मग पावलं, पोटरी, मांडी, कुल्ला, पाठीची बाजू अशा क्रमानं अंग लोळवायचं. धक्का एका हाडावर न येता वाटला जातो. 11 डिसेंबर 1971 ला टांगाईलला उतरलेली 2 पॅरा, म्हणजे मूळची आपली मराठा पलटण, हेच शिकून गेली होती.

अमेरिकी सैन्यानं आणखी एक गोष्ट केली. बुटावरून घालायचा घोट्याचा पट्टा वापरला, आणि घोटा मुरगळण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. म्हणजे शिस्तीच्या जोडीला साधनही लागतं. आपल्याकडे साधन मागितलं की माणूस भित्रा ठरतो, हे मला कधी पटलं नाही.

शिडीवरून पडताना सरावाला वेळच मिळत नाही. 10 फूट पडायला पाऊण सेकंदाच्या आसपास. म्हणून तिथे लोळण्याची कला विसरा, शिडी नीट लावा. 12 फुटांवर टेकवायची तर पाया भिंतीपासून 3 फूट. टोक छताच्या वर 3 फूट निघालेलं, म्हणजे उतरताना धरायला काही राहतं. दोन पाय आणि एक हात, नाहीतर दोन हात आणि एक पाय, कायम शिडीवर. बादली हातात नाही, दोरीनं वर ओढायची. टाकीवर किंवा छताच्या कडेला काम असेल तर पूर्ण अंगाचा हार्नेस, आणि त्याची दोरी डोक्याच्या वर पक्क्या जागी. नुसता कमरपट्टा झटक्यात पोटाला इजा करतो.

आणि कुणी पडलाच तर काखेत हात घालून उभं करू नका. टाचेवर पडलेल्याचा मणकाही दबलेला असू शकतो. डॉक्टर टाच फुटली की कंबर तपासतात ती त्यासाठीच. मान न हलवता पडू द्या, 108 ला फोन करा. आमच्या लोकांनी त्याला रिक्षात बसवून नेलं. मणका शाबूत निघाला, ते नशीब.

परवा ती शिडी पाहिली. खालच्या एका पायाचं रबर गेलेलं आहे. सेक्रेटरींना लेखी दिलं आहे. टाकी 15 तारखेला पुन्हा धुवायची आहे.