न उघडणाऱ्या फाईली

हिवरा आश्रम येथे व्याख्यान आटोपून आम्ही चहा घेत होतो, तोच मेहकरकडील एक गृहस्थ पेन ड्राइव्ह घेऊन पुढे आले. वडिलांनी सांगितलेल्या 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी त्यांनी 2004 साली एका दुकानात टाइप करून घेतल्या होत्या. वडील आता नाहीत, छापील प्रत वाळवीने खाल्ली, आणि ही फाईल उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक सडा पडतो. ‘फाईल सडली,’ असे त्यांना कोणी सांगितले होते. आम्ही त्या सड्यातील पाच अक्षरांवर बोट ठेवून म्हटले, “हे पाहा, येथे तुमचे वडील हिवऱ्याचे नाव घेत आहेत.”

यात चमत्कार काही नाही. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. त्या काळी फॉन्ट बनविणारांनी एक सोय काढली होती. इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवर त्यांनी देवनागरी आकृत्या बसविल्या. कृतिदेव या फॉन्टात एफवर ऱ्हस्व वेलांटी आहे, जीवर ह, ओवर व, जेवर र आणि केवर काना. म्हणजे ‘हिवरा’ हा शब्द फाईलीत एफ, जी, ओ, जे, के असाच साठविलेला असतो. फॉन्ट नसला की तो तसाच दिसणार. आजोबांचे मोडी दप्तर नातवाला वाचता येत नाही, म्हणून शाई उडाली असे आपण म्हणत नाही. तसेच हे आहे.

श्री-लिपीची मांडणी वेगळी, पुण्याच्या सी-डॅकच्या फॉन्टांची आणखी वेगळी. तेव्हा पहिला प्रश्न असा की, फॉन्ट कोणता? वर्डमध्ये मजकुरावर टिचकी मारून वरच्या चौकटीत पाहावे. फॉन्ट संगणकावर नसला तरी त्याचे नाव फाईलीत राहते. परंतु घाबरून सगळ्या मजकुराचा फॉन्ट बदलून फाईल जतन केली की ती खूणच पुसली जाते, आणि पुष्कळांच्या हातून नेमके हेच घडते. म्हणून आधी फाईलीची नक्कल करावी आणि जे काय करायचे ते नकलेवर करावे.

नाव कळले की परिवर्तकाने मजकूर युनिकोडात आणता येतो. 1991 पासून युनिकोडाने देवनागरीसाठी 2304 ते 2431 हे आकडे राखून ठेवले आहेत. र हा कोणत्याही फॉन्टात 2352 च. अडचण येते ती वेलांटीची आणि रफाराची. कृतिदेवात वेलांटी ह च्या आधी टाइप होते, युनिकोडात ह आधी व वेलांटी मागून. रफाराचे याच्या उलट. परिवर्तक येथे चुकतो, म्हणून शेवटी माणसानेच वाचावे लागते.

काही फाईली मात्र मुळीच उघडत नाहीत. आकार शून्य दिसला तर आत काहीच नाही. मूळ प्रत शोधावी. नाहीतर नोटपॅडमध्ये नक्कल उघडून आरंभीची अक्षरे पाहावीत. टक्क्याच्या चिन्हापुढे पीडीएफ दिसले तर ती पीडीएफ आहे, मग नावाच्या शेपटीत काहीही असो. पी आणि के दिसले तर ते झिपचे गाठोडे होय. वर्डच्या 2007 पासूनच्या डॉक्स फाईली अशीच गाठोडी असतात. या गाठोड्याची अनुक्रमणिका शेवटी असते. पेन ड्राइव्ह घाईने ओढला व फाईल अर्धीच उतरली, तर मजकूर बराचसा असूनही दार उघडत नाही. गाठोडे शाबूत असून वर्डच अडला असेल, तर नकलेची शेपटी झिप अशी करावी. आत वर्ड नावाच्या कप्प्यात डॉक्युमेंट नावाची फाईल मिळते व मजकूर तिच्यात असतो.

त्या गृहस्थांची फाईल कृतिदेवातलीच निघाली. परिवर्तित मजकूर ते आमच्यासमोर मोठ्याने वाचू लागले. तिसऱ्या ओळीत ‘कजर्’ असे उमटले होते. ते अडखळले, क्षणभर थांबले, मग म्हणाले, “कर्ज. सावकाराचे. हे बाबा नेहमी सांगत,” आणि पुढे वाचू लागले.