हिंजवडीचे काम आपल्या घरात : मोबाइल ॲप शिकणाऱ्या मुलामुलींसाठी संगणक कसा घ्यावा, कसा लावावा

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्ककडे रोज सकाळी ज्या बस भरून जातात, त्यात आपली माणसे पुष्कळ असतात. कोणी गेटवर सुरक्षारक्षक, कोणी कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटणारी, कोणी साफसफाईला, कोणी कॅबवर चालक. इन्फोसिस, विप्रो, टीसीएस, कॉग्निझंट ही नावे आपल्या आयाबायांना तोंडपाठ आहेत. त्या इमारतींच्या काचा कोण पुसते हे आपल्याला चांगले ठाऊक आहे. परंतु त्या काचांच्या आत बसून जे काम चालते ते शिकायला काय लागते आणि आपल्या घरातल्या मुलीला वा मुलाला ते घरूनच सुरू करता येईल काय, ही माहिती आपल्या वस्तीपर्यंत क्वचितच पोहोचते. ती पोहोचवण्यासाठी हा लेख.

यंत्र आता घरी आणता येते

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरीचा माळ कारखान्यांनी भरला. मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूर-साताऱ्याकडून आलेले आपले वडीलधारे तेथे हेल्पर म्हणून लागले. ज्यांना आयटीआय करता आले ते फिटर, टर्नर, वेल्डर झाले. त्या काळी धंदा शिकायचा तर कारखान्यातच शिकावा लागे. लेथ मशीन कोणी घरी आणू शकत नव्हते. गेटच्या आत प्रवेश मिळाला तरच हात बसणार, आणि प्रवेश कोणाला मिळायचा ते ओळखीपाळखीवर ठरायचे.

मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीत आणि शेजारच्या माण गावच्या जमिनीवर जो धंदा उभा राहिला, त्यात एक गोष्ट निराळी आहे. येथे कारखान्यातले यंत्र घरी आणता येते. कंपनीतला इंजिनिअर ज्या साधनावर मोबाइलचे ॲप तयार करतो, तेच साधन, काहीही कमी न करता, आपल्या मुलांना फुकट मिळते. पैसा लागतो तो फक्त संगणकाला. म्हणूनच तो संगणक चुकीचा घेतला तर नुकसान मोठे. ओव्हरटाइम करून साठवलेले पैसे जातात, मुलाचा हिरमोड होतो, आणि "आपल्या पोरांना हे जमायचे नाही" असा खोटा निष्कर्ष घरात कायमचा बसतो.

ॲप कशावर बनते?

आपल्या हातातल्या बहुतेक फोनमध्ये अँड्रॉइड ही प्रणाली असते. अँड्रॉइड नावाची छोटी कंपनी २००३ साली अमेरिकेत निघाली, २००५ साली गूगलने ती विकत घेतली, आणि २००८ साली या प्रणालीवरचा पहिला फोन बाजारात आला. अँड्रॉइडची ॲप तयार करण्याचे मुख्य साधन म्हणजे अँड्रॉइड स्टुडिओ. गूगलने ते २०१३ साली जाहीर केले आणि त्याची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१४ मध्ये आली. आरंभी ॲप जावा या भाषेत लिहीत. २०१७ साली गूगलने कोटलिन या भाषेला मान्यता दिली आणि २०१९ पासून तिलाच पहिले स्थान दिले. आज नव्याने शिकणाऱ्याने कोटलिनपासूनच आरंभ करावा.

आयफोनचे ॲप करायचे तर ॲपलचाच मॅक संगणक लागतो आणि तो महाग पडतो. आरंभ करणाऱ्या कुटुंबाने त्या वाटेला जाऊ नये. अँड्रॉइडपासून सुरुवात करावी.

संगणक घेताना पाहायच्या गोष्टी

दुकानदार रंग दाखवतो, पडदा दाखवतो, सोबत बॅग फुकट देतो. आपण चार गोष्टी विचाराव्यात.

पहिली गोष्ट रॅम. अँड्रॉइड स्टुडिओला किमान ८ जीबी रॅम लागते. संगणकाच्या आतच नकली फोन चालवायचा असेल, ज्याला एम्युलेटर म्हणतात, तर १६ जीबी हवी. ४ जीबीचा संगणक कितीही स्वस्त मिळाला तरी या कामाला घेऊ नये. ८ जीबी घेत असाल तर पुढे रॅम वाढवण्याची जागा आत आहे का, हे आधीच विचारावे. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम जोडून पक्की केलेली असते. ती वाढत नाही.

दुसरी गोष्ट डिस्क. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असावी. २५६ जीबीची पुरते. या एका बदलाने जुना संगणकही धावू लागतो.

तिसरी गोष्ट प्रोसेसर. इंटेलच्या प्रोसेसरवर 'आय ५' या नावापुढे चार-पाच आकडी क्रमांक असतो. ८ ने सुरू होणारा चार आकडी क्रमांक म्हणजे आठवी पिढी. विंडोज ११ ला इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. विंडोज १० ची नियमित मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे, म्हणून "विंडोज १० टाकून देतो" एवढ्यावर समाधान मानू नये. संगणक त्याहून जुना असेल तर उबुंटू ही फुकट प्रणाली त्यावर घालावी. अँड्रॉइड स्टुडिओ तिच्यावरही उत्तम चालते.

चौथी गोष्ट, लॅपटॉप की टेबलावरचा संगणक? त्याच पैशात टेबलावरचा संगणक जास्त ताकदीचा मिळतो. पण एका खोलीच्या घरात जागेचा प्रश्न असतो, आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की काम मध्येच तुटते. लॅपटॉप घेऊन मूल अभ्यासिकेत जाऊ शकते, म्हणून बहुतेक घरांना लॅपटॉप सोयीचा.

नवा परवडत नसेल तर वापरलेला घेण्यात कमीपणा नाही. मोठ्या कंपन्या काही वर्षांनी आपले लॅपटॉप बदलतात आणि ते विक्रेत्यांमार्फत बाजारात येतात. डेल लॅटिट्यूड, लेनोव्हो थिंकपॅड, एचपी एलिटबुक ही कंपन्यांसाठी बनवलेली मॉडेल टिकाऊ असतात. मात्र घेताना तो दुकानातच सुरू करून पाहावा. बायोसला, म्हणजे संगणकाच्या मुळाशी असलेल्या सेटिंगला, जुन्या कंपनीचा पासवर्ड राहिलेला नाही ना, हे बघावे. सुरू होताना एखाद्या कंपनीचे नाव दाखवून तिचाच लॉगिन मागत असेल तर तो लॅपटॉप घेऊ नये. चार्जर काढून अर्धा तास चालवून बॅटरी तपासावी. सर्व बटणे दाबून पाहावीत. आणि संगणकाचा क्रमांक लिहिलेले पक्के बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

लावण्याची पद्धत

लेथवर जॉब चढवण्याआधी फिटरकाका मशीन सेट करतात. तसेच हे.

१. संगणक चालू करताना बायोसमध्ये जाऊन 'व्हर्च्युअलायझेशन' चालू करावे. इंटेलच्या संगणकात ते 'व्हीटी-एक्स' आणि एएमडीच्या संगणकात 'एसव्हीएम' या नावाने असते. ते बंद असेल तर एम्युलेटर नीट चालत नाही.

२. विंडोजमध्ये वापरणाऱ्याचे नाव इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता ठेवावे. नाव मराठी अक्षरांत असेल किंवा दोन शब्दांत असेल तर फाइलचा पत्ता वाचताना पुढे अडचणी येतात.

३. अँड्रॉइड स्टुडिओ फक्त डेव्हलपर डॉट अँड्रॉइड डॉट कॉम या गूगलच्या जागेवरूनच उतरवून घ्यावे. कोणी पेन ड्राइव्हवर "फुल व्हर्जन" विकत देत असेल तर घेऊ नये. मूळचे साधन पूर्ण असून फुकटच आहे.

४. इन्स्टॉल करताना 'स्टँडर्ड' हा पर्याय निवडावा. एसडीके, म्हणजे ॲप बनवण्याचे सुटे भाग, ते आपणच उतरवून घेते. जावा वेगळी टाकावी लागत नाही. ती आतच येते.

५. हे सर्व मिळून काही जीबी होते. रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल डेटावर ते एका दिवसात उरकत नाही. ब्रॉडबँड असलेल्या ठिकाणी एकदा बसून करून घ्यावे. डिस्कवर ४०-५० जीबी जागा मोकळी ठेवावी.

६. पहिला कोरा प्रकल्प उघडला की खाली एक पट्टी बराच वेळ सरकत राहते. ग्रेडल नावाचा भाग लागणारे सामान गोळा करत असतो. संगणक अडकला असे समजून पुष्कळ मुले येथेच बंद करतात. पहिल्या वेळी थांबावे. दुसऱ्या वेळेपासून ते लवकर होते.

बाबांचा फोनही कामाला येतो

रॅम ८ जीबीच असेल तर एम्युलेटरच्या मागे लागू नये. घरातला फोनच तारेने संगणकाला जोडावा. फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'मध्ये जाऊन 'बिल्ड नंबर' या ओळीवर सात वेळा बोट टेकवावे. तुम्ही आता डेव्हलपर झालात, असे फोनच सांगतो. मग नव्याने दिसू लागलेल्या यादीत 'यूएसबी डीबगिंग' चालू करावे. काही कंपन्यांच्या फोनमध्ये 'इन्स्टॉल व्हाया यूएसबी' हे वेगळे बटणही चालू करावे लागते. फोन दिसत नसेल तर आधी तार बदलून पाहावी. काही तारा फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जात नाही.

काम झाल्यावर हे डीबगिंग बंद करावे. ते चालू असताना बँकांची काही ॲप उघडत नाहीत. शिवाय परक्या संगणकाला फोन जोडला तर त्याला परवानगी देऊ नये.

मराठीतले ॲप

अँड्रॉइडमध्ये ॲपवर दिसणारे शब्द एका वेगळ्या फाइलमध्ये लिहितात. 'व्हॅल्यूज' या फोल्डरशेजारी मराठीच्या खुणेचे दुसरे फोल्डर करून त्यात मराठी शब्द लिहिले की ज्याचा फोन मराठीत आहे त्याला ॲप आपोआप मराठीत दिसते. म्हणजे आपल्या मुलीने पहिले ॲप बचत गटाच्या हप्त्यांच्या हिशोबाचे केले, तर तिची आईच ते वापरून दोष सांगू शकेल. पहिले काम असेच घ्यावे: भिशीचा हिशोब, ओव्हरटाइमच्या तासांची नोंद, अभ्यासिकेतल्या पुस्तकांची देवघेव. मुलाखतीत दाखवायला असे चालते ॲप असले की उमेदवाराजवळ बोलण्यासारखे काही असते.

शिकवणीसाठी लगेच क्लास लावण्याची गरज नाही. गूगलचा अँड्रॉइडचा प्राथमिक अभ्यासक्रम फुकट आहे, तो इंग्रजीत आहे. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात प्रोग्रामिंगचे धडे मराठी आवाजातही आहेत. मराठीत ऐकून समजून घ्यावे आणि इंग्रजी शब्द वहीत उतरवत जावेत. या धंद्यात इंग्रजी वाचता आलेच पाहिजे, पण ते आधी पक्के झाल्यावरच संगणकाला हात लावायचा असे मात्र नाही.

येथे सावध राहा

"शंभर टक्के नोकरी" असा फलक लावून मोठी फी आगाऊ मागणाऱ्यापासून दूर राहावे. नोकरी देण्यासाठी पैसे मागणारी कंपनी ही कंपनीच नव्हे. मुलाची मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवू नयेत. लॅपटॉपसाठी फोनवरच्या कर्जाच्या ॲपमधून पैसे उचलू नयेत. कारखान्याच्या पतपेढीत आधी विचारावे.

तयार ॲप गूगलच्या प्ले स्टोअरवर ठेवायचे तर खात्यासाठी एकदाच २५ डॉलर भरावे लागतात आणि वय १८ पूर्ण लागते. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला आणखी एक अट आहे. किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत सामील राहावे लागते. आपल्याकडे बारा शेजारी मिळणे अवघड नाही. मात्र शिकण्यासाठी हा खर्च लागतच नाही. स्वतःच्या फोनवर ॲप चालवायला एक पैसा पडत नाही.

पालकांनी काय करावे?

प्रोग्राम लिहिताना पहिले काही महिने तांबड्या अक्षरांत चुकाच दिसतात. मूल तासन्‌तास एका ओळीकडे बघत बसते आणि घरच्यांना वाटते, हे रिकामेच बसले आहे. तसे नसते. चूक शोधणे हेच या कामातले मोठे काम आहे. वाटल्यास त्याला म्हणावे, "कुठे अडले ते मला समजावून सांग बाळा." आपल्याला कळले नाही तरी सांगता सांगता पुष्कळदा त्यालाच ती चूक सापडते.

मुलीच्या बाबतीत आणखी एक. लॅपटॉप तिच्या नावाचा आणि वेळ मात्र भावाचा, असे घरोघरी होते. संध्याकाळची भांडी, धाकट्याचा अभ्यास, पाणी भरणे, हे सर्व उरकून रात्री अकराला ती बसणार आणि सकाळी कॉलेज. असे कोणाचेच शिक्षण होत नाही. रोजचे दोन तास तिचे ठरवून द्यावेत आणि त्या दोन तासांत तिला हाक मारू नये. ती भांडी भावाने घासली तर बिघडत नाही.

ज्या घरांना संगणक झेपणारच नाही, त्यांच्यासाठी वस्तीने एकत्र यावे. विहाराच्या अभ्यासिकेत १६ जीबी रॅमचा एक चांगला संगणक आणि एक ब्रॉडबँड जोडणी असली, तर पाळीपाळीने पाच-सहा मुले शिकू शकतात. प्रत्येकाने आपले काम पेन ड्राइव्हवर आणि गिटहबवर जपून ठेवावे. वेळापत्रक भिंतीवर लावावे आणि त्यात मुलींच्या वेळा उजेडातल्या ठेवाव्यात.

ॲप शिकले म्हणजे हिंजवडीत नोकरी लागलीच, असे वचन कोणी देऊ शकत नाही. स्पर्धा मोठी आहे, आणि पदवीही विचारली जाते. पण कामाचे हत्यार हाती नसताना स्पर्धेत उतरायचे कसे? येत्या गुरुवारच्या सुट्टीला घरात सर्वांनी बसावे, मुलीला वा मुलाला काय शिकायचे आहे ते नीट ऐकून घ्यावे, आणि वर सांगितलेल्या चार गोष्टी कागदावर लिहून मगच दुकानाची पायरी चढावी.