रेषेबाहेरचे पाऊल

क्रिकेटमध्ये नो-बॉल हा काही गुन्हा नव्हे. गोलंदाजाचे पाऊल रेषेबाहेर पडते, पंच हात आडवा करतात, समोरच्या संघाला एक धाव मिळते आणि खेळ पुढे सुरू होतो. ऑगस्ट २०१० मध्ये लॉर्ड्‌सच्या मैदानावर पाकिस्तानच्या दोन गोलंदाजांनी टाकलेले असे तीन चेंडू मात्र थेट लंडनच्या फौजदारी न्यायालयात पोचले आणि दौऱ्यावर आलेले तीन पाहुणे तुरुंगात गेले.

हकीकत अनेकांना आठवत असेल. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या साप्ताहिकाचा बातमीदार मझहर महमूद हा बडा सट्टेवाला असल्याची बतावणी करून खेळाडूंचा एजंट मझहर मजीद याला भेटला. दीड लाख पौंड रोख मोजले गेले. त्या बदल्यात मजीदने आधीच सांगून टाकले, की तिसऱ्या षटकाचा पहिला चेंडू मोहम्मद आमीर आणि दहाव्या षटकाचा शेवटचा चेंडू मोहम्मद आसिफ नो-बॉल टाकेल. तसेच घडले. तिसरा नो-बॉल आमीरने दुसऱ्या दिवशी टाकला. २९ ऑगस्टच्या रविवारी हे सारे छापून आले, त्याच्या आदल्या संध्याकाळी पोलीस संघाच्या हॉटेलात शिरले होते.

साप्ताहिकाने नोटांचे क्रमांक टिपून ठेवले होते. आपल्याकडे लाचलुचपत प्रतिबंधक विभाग नोटांना पावडर फासतो, तिकडे नुसते क्रमांक पुरले. त्यांतल्या अडीच हजार पौंडांच्या नोटा कर्णधार सलमान बटच्या खोलीत मिळाल्या, दीड हजारांच्या आमीरच्या. आइस्क्रीमच्या दुकानाच्या उद्‌घाटनाचे हे पैसे, असा खुलासा बटने केला. माझी उभी हयात बँकेत नोटांच्या संगतीत गेली; नोट बोलत नाही, पण तिचा क्रमांक बोलतो, हे खोली झडतीला देणाऱ्याने ध्यानात ठेवायला हवे होते!

तेव्हा पुष्कळांनी विचारले, आणि आजही विचारतात, की एका धावेने असे काय बिघडले? पाकिस्तानने तो सामना एक डाव आणि २२५ धावांनी गमावला. तीन नो-बॉलनी त्यात काडीचा फरक पडला नसता. इंग्लंडच्या २००५ च्या जुगारविषयक कायद्याने याचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. लबाडी करणाऱ्याची जिंकण्याची शक्यता वाढली का, त्याने काही जिंकले का, हे पाहण्याचे कारण नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. बँकेत आम्ही याला ‘तात्पुरती अफरातफर’ म्हणत असू. कॅशियरने गल्ल्यातले शंभर रुपये दुपारी उचलून संध्याकाळी परत ठेवले, तरी चौकशी व्हायची ती व्हायचीच. रक्कम किती, हा प्रश्न नंतरचा.

या प्रकरणात जीव तुटतो तो आमीरसाठी. गुज्जर खान भागातल्या खेड्यातून आलेला १८ वर्षांचा पोरगा. त्याच डावात त्याने ८४ धावांत ६ बळी घेतले होते आणि कसोटीत इतक्या लहान वयात ५० बळींचा टप्पा त्याच्याआधी कुणी गाठला नव्हता. त्याला चेंडू देणारा कोण, तर कर्णधार. हाताखालच्या माणसाला गैर कामात ओढणारा वरिष्ठ हा माझ्या मते अधिक दोषी असतो, आणि साउथवर्क न्यायालयाचे न्यायमूर्ती कुक यांनाही तसेच वाटलेले दिसते. ३ नोव्हेंबर २०११ रोजी त्यांनी बटला ३० महिने, आसिफला एक वर्ष, आणि गुन्हा कबूल केलेल्या आमीरला सहा महिने सुनावले. मजीदला सर्वांत जास्त, ३२ महिने. आयसीसीच्या लवादाने तिघांवर किमान पाच वर्षांची बंदी त्याआधीच घातली होती.

आपली माणसे परक्या देशात पकडली गेली, की मायदेशी दोन सूर हमखास उमटतात. लाहोरमध्ये गाढवांना खेळाडूंची नावे देऊन मिरवले. तर लंडनमधील पाकिस्तानचे उच्चायुक्त खेळाडू निर्दोष आहेत, त्यांना अडकवले आहे असे सांगत होते. पुरावा मात्र दोघांपैकी कुणीच तपासला नव्हता. आपल्याकडे २०१३ च्या आयपीएल प्रकरणात दिल्ली पोलिसांनी खेळाडूंना थेट ‘मोक्का’ लावला, वाहिन्यांनी निकालही देऊन टाकला, आणि जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने श्रीशांतसह सर्व आरोपींना दोषमुक्त केले. आरोप आणि अपराध यांच्यातले अंतर दिवाणखान्यात बसून मोजता येत नाही. साउथवर्कमध्ये ज्यूरीने आठवडेच्या आठवडे साक्षी ऐकल्या, तेव्हा कुठे निकाल लागला.

सापळा रचणाऱ्यांचे पुढे काय झाले, तेही ऐकण्यासारखे आहे. फोन चोरून ऐकल्याच्या बोभाट्यात ते साप्ताहिक जुलै २०११ मध्ये, म्हणजे खटला सुरू होण्याआधीच, बंद पडले. मझहर महमूदला एका वेगळ्या खटल्यात पुराव्यात ढवळाढवळ केल्याबद्दल २०१६ मध्ये १५ महिन्यांची शिक्षा झाली.

त्याच वर्षी जुलैमध्ये आमीर पुन्हा लॉर्ड्‌सवर कसोटी खेळला. पाकिस्तान ७५ धावांनी जिंकले आणि शेवटचा बळी त्यानेच घेतला. बट आणि आसिफ देशासाठी पुन्हा खेळले नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये पाकिस्तानच्या मंडळाने बटला निवड समितीचा सल्लागार नेमले. इतका गदारोळ झाला, की दुसऱ्याच दिवशी ती नेमणूक मागे घेतली गेली.