उन्हातील भिंत, सावलीतील अक्षरे

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारात भिंतीवर एक प्रदीर्घ मराठी शिलालेख कोरलेला आहे. दुसरे सरफोजीराजे भोसले यांच्या कारकिर्दीत, १८०३ साली, भोसले घराण्याचा इतिहास येथे दगडावर नोंदवला गेला. चोळांच्या मंदिरात देवनागरी अक्षरे भेटतात, तेव्हा मराठी माणूस क्षणभर थबकतो.

समजा, तुम्हाला अशा कोरीव लेखाचे छायाचित्र घ्यायचे आहे. भिंतीच्या निम्म्या भागावर प्रखर ऊन आहे, उरलेला भाग सावलीत. आपला डोळा दोन्ही भाग वाचू शकतो. कॅमेऱ्याला ते एका वेळी पेलत नाही. उन्हातील अक्षरे पांढरीफटक होतात, नाहीतर सावलीतील अक्षरे काळोखात बुडतात. म्हणून कॅमेरा तिपाईवर ठेवून कमी, मध्यम व अधिक प्रकाश घेणारी तीन छायाचित्रे टिपतात आणि संगणकावर त्यांचा मेळ घालतात. यालाच एचडीआर छायाचित्रण म्हणतात. (एचडीआर म्हणजे भडक रंग, हा समज चुकीचा आहे.)

आता ही छायाचित्रे कोणत्या प्रकारच्या फाइलमध्ये साठवावीत? आपल्या परिचयाची जेपीईजी फाइल आटोपशीर असते. परंतु तिच्यात तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगाच्या प्रत्येकी २५६ पायऱ्याच मावतात. शिवाय आकार लहान करताना ती बारीक तपशील कायमचा टाकून देते. नंतर सावलीचा भाग उजळू गेल्यास छटांऐवजी पट्टे उमटतात, अक्षरांच्या कडांभोवती डाग दिसतात. मग अमुक ठिपका अनुस्वार आहे की दगडाचा टवका उडालेला आहे, हे अभ्यासकाने कसे ठरवावे?

यासाठी छायाचित्र रॉ स्वरूपात घ्यावे. चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात. मात्र प्रत्येक कंपनीची रॉ फाइल वेगळी असते. म्हणून दीर्घकाळ जतन करण्यासाठी सोळा बिटांची टिफ प्रतही काढावी. तिन्ही छायाचित्रांचा मेळ घातलेले चित्र ओपनईएक्सआर स्वरूपात ठेवता येते. चित्रपटातील दृश्यांसाठी तयार झालेले हे स्वरूप २००३ साली सर्वांसाठी खुले झाले. त्यात दशांशचिन्ह सरकत असल्यामुळे अतिमंद व अतिप्रखर प्रकाश एकत्र नोंदवता येतो.

जेपीईजी प्रत सर्वांत शेवटी, कोणाला पाठवण्यासाठी काढावी. रॉ फाइल जेपीईजीच्या कितीतरी पट जागा व्यापते. तेव्हा तंजावरला जाताना एखादे मेमरी कार्ड जास्तीचे जवळ असू द्यावे.