शाळेपुढचा रस्ता

मंडळी, सकाळी दहाच्या सुमारास आपल्या गावच्या शाळेपाशी जरा उभे राहून पाहा. एके काळी याच वाटेने बैलगाड्या जायच्या, आणि घंटा झाली की पोरे गाडीला लोंबकळत शाळेत यायची. आता डांबरी झाली. झाली ते बरेच झाले. दूध, भाजी, ऊस वेळेवर पोचू लागला. पण रस्ता गुळगुळीत झाला की वाहन सुसाट सुटते. शाळा मात्र होती तिथेच आहे, आणि वस्ती रस्त्याच्या पलीकडे.

2022 साली आपल्या देशात रस्त्यावरील अपघातांत 1,68,491 माणसे मरण पावली. त्यांतील 32,825 जण पायी चालणारे होते. ना त्यांच्या हाती सुकाणू, ना पायाखाली ब्रेक.

तुम्ही म्हणाल, "अहो, आम्ही काय गप्प बसलोय? सरपंचांना दहादा सांगितलं!" इथेच तर गोम आहे. सांगितले खरे, पण तो रस्ता सरपंचांचा आहे का?

गावातून जाणारा प्रत्येक रस्ता ग्रामपंचायतीचा नसतो. गल्लीबोळ, गटार, रस्त्यावरचे दिवे, रस्त्यात पुढे आलेल्या टपऱ्या, ही ग्रामपंचायतीची कामे. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग सर्वसाधारणपणे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. राष्ट्रीय महामार्ग असेल तर त्याचे खाते आणखी निराळे. ओळखायची एक सोपी खूण सांगतो. रस्त्याकडेचा मैलाचा दगड पाहा. (मैल जाऊन किलोमीटर आले, त्याला किती वर्षे लोटली, पण दगड अजून मैलाचाच!) त्याचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, आणि नारिंगी असेल तर पंतप्रधान ग्रामसडक योजनेतला रस्ता. दगडाचा रंग उडाला असेल, तर पंचायत समितीत बांधकामाच्या उपअभियंत्यांकडे विचारा. रस्त्याचा क्रमांक लिहून घ्या. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला की तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो, आणि आपण म्हणतो, सरकार ऐकत नाही.

आता गुरुजी आणि बाई, तुमच्याकडे वळतो. "रस्ता धोक्याचा आहे, तरी योग्य ती कारवाई व्हावी" असे अर्ज कचेरीत ढिगाने पडलेले असतात. धोका किती, ते मोजून द्या. सातवीच्या मुलांना गणिताच्या तासाला हे जमेल. शाळेच्या आवारातून दिसतील अशा, रस्त्याकडेच्या दोन खुणा धरा, दोन झाडे किंवा दोन खांब. वाहन नसताना मोठ्या माणसाने टेप धरून त्यांत बरोबर 50 मीटर अंतर आहे ना, ते पाहावे. मग मुलांनी कुंपणाच्या आतच उभे राहायचे आणि वाहनाला हे अंतर तोडायला किती सेकंद लागतात, ते मोबाइलच्या घड्याळावर मोजायचे. सहा सेकंद लागले तर वेग ताशी 30 किलोमीटर. साडेचार सेकंद म्हणजे 40. आणि तीनच सेकंदांत गेले तर ताशी 60! शाळा भरताना आणि सुटताना, असे दोन-तीन दिवस मोजा आणि वहीत तक्ता करा.

या आकड्यांत काय दडलेले आहे पाहा. रस्ता 7 मीटर रुंद आहे असे धरू. पहिलीतले पोर दप्तर सांभाळत सेकंदाला साधारण एक मीटर चालते, म्हणजे पलीकडे जायला त्याला सात सेकंद लागतात. ताशी 60 च्या वेगाने येणारी गाडी तेवढ्या वेळात जवळजवळ 117 मीटर येते. आता वळण शाळेपासून 80 मीटरवरच असेल तर? पोराने दोन्हीकडे पाहिले, रस्ता मोकळा होता, ते निघाले. पाचव्या सेकंदाला गाडी शाळेपाशी हजर, आणि पलीकडची कड अजून दोन मीटर लांब. यात पोराची काय चूक? त्याला आपण शिकवलेले सगळे त्याने केले होते. हा हिशेब अर्जात आला की अभियंत्यालाही तो बाजूला सारता येत नाही, कारण ही त्याचीच भाषा आहे.

हा तक्ता आधी शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा, आणि तिथून ग्रामसभेत न्या. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते, तिथे हा विषय जरूर निघू द्या. अंधारात कुठे पाय अडखळतो, कुठल्या वळणावर जीव मुठीत धरावा लागतो, हे पायी चालणाऱ्या आयाबायांना जितके ठाऊक, तितके दुचाकीवरून फिरणाऱ्या पुढाऱ्यांना नसते. सभेला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल, तेवढी माणसे लागतात. ठरावात रस्त्याचा क्रमांक, जागा, तक्ता आणि मागणी स्पष्ट लिहून घ्या. एक प्रत रस्ता ज्याचा त्या खात्याला द्या, एक पोलीस ठाण्याला, आणि एक जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला. या समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. आपल्या प्रतीवर कचेरीचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. पुढे काहीच कळले नाही, तर माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्याने 10 रुपये भरून विचारता येते की अमुक आवक क्रमांकाच्या पत्राचे काय झाले. 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते.

एक गोष्ट मात्र करू नका. अपघात झाला की रागाच्या भरात रात्रीतून मुरूम-दगड टाकून गतिरोधक उभा करतात. राग समजू शकतो; पण रंग नाही, फलक नाही, अशा त्या उंचवट्यावर अंधारात दुचाकीवरचे नवराबायको उडून पडतात, आणि तेही आपल्याच पंचक्रोशीतले असतात. शास्त्रशुद्ध गोल गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. गाडीने ताशी 25 च्या वेगाने त्यावरून सुखरूप जावे, असा त्याचा घाट असतो. राष्ट्रीय महामार्गावर तर साधा गतिरोधक घालतच नाहीत, तिथे मागणी निराळी करावी लागते: इशाऱ्याचे फलक, खडबडीत पट्टे, कठडा, किंवा रस्त्याखालून वाट.

आणि उत्तर येईपर्यंत? पायवाट नसेल तिथे मुलांना रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल अशी चालवा. शाळा सुटताना एक मोठे माणूस रोज रस्त्यावर उभे राहू द्या. पाळ्या लावल्या की कोणालाच जड जात नाही.

काम झाल्यावर त्याच मुलांना, त्याच दोन खुणांमधले सेकंद पुन्हा मोजायला लावा. नव्या गतिरोधकाची उंची आणि रुंदीही टेपने पाहा. तीनाचे सहा सेकंद झाले नसतील, तर नवा तक्ता जुन्याला टाचून पुढच्या ग्रामसभेत न्या.