प्राणवायूचा हिशोब पहाटे मांडा

घरच्या रीफ टँकमध्ये सकाळी मासा मेलेला सापडला की संशय आधी अमोनियावर जातो, मग रोगावर आणि शेवटी दुकानदारावर. ऑक्सिजनकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही, कारण चाचणी संध्याकाळी सवडीने होते आणि तेव्हा आकडा उत्तमच असतो. रीफ टँकमधली ऑक्सिजनची टंचाई हा रात्रीचा आजार आहे. त्याचं निदान दिवे लागण्यापूर्वीच्या तासातच होतं, असं माझं ठाम मत आहे. पार्श्वभूमी थोडक्यात अशी: २५ अंश सेल्सिअसला हवेशी समतोल साधलेल्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, समुद्राच्या पाण्यात मात्र पावणेसातच. ३० अंशांना तो सव्वासहाच्या आत येतो. चिलर बंद पडला की माशांची गरज वाढते आणि नेमका तेव्हाच साठा आखडतो.

खरा विषय रात्रीचा. दिवसा प्रवाळांच्या पेशींत राहणारी शैवालं इतका ऑक्सिजन सोडतात की पाणी अतिसंपृक्त होऊ शकतं. दिवे मालवले की ती शैवालं, प्रवाळ, मासे आणि खडकातले जिवाणू असे सगळेच घेणारे होतात, देणारं कुणीच उरत नाही. निसर्गात यावर जे उपाय दिसतात ते थक्क करणारे आहेत. तांबड्या समुद्रातले काही छोटे डॅमसेल मासे प्रवाळाच्या फांद्यांत झोपतात आणि झोपेतही पर हलवत राहतात. त्यामुळे फांद्यांमधलं साचलेलं पाणी बदलतं आणि प्रवाळाला ऑक्सिजन मिळतो, असं २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं. क्लाउनफिशही रात्री आपल्या समुद्रफुलाला असंच वारा घालतो, हे २०१३ मध्ये पुढे आलं. जिथे पाणी खेळत नाही तिथे काय होतं, हे पनामातल्या बोकास देल तोरो भागात २०१० मध्ये दिसलं. तिथे ऑक्सिजन संपलेल्या थरात, ठरावीक खोलीच्या खाली, प्रवाळ मेले, वरचे वाचले. आपण मात्र ‘रात्री समुद्र शांत असतो’ म्हणून वेव्हमेकर नाइट मोडवर टाकतो. भरती-ओहोटी सूर्यास्त पाहून थांबत नाही. प्रवाहाची सर्वाधिक गरज असते त्याच वेळी तो कमी करणं मला साफ चुकीचं वाटतं.

यावर पहिला आक्षेप असा, की पीएच मीटर चोवीस तास चालू असतो, मग वेगळी तपासणी कशाला? पीएच घसरतो तो कार्बन डायऑक्साइडमुळे. एसी लावून बंद केलेल्या बेडरूममध्ये तो वायू बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट होतो, पण ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्क्यांच्या आसपासच राहतं. म्हणून पहाटे टँकमधलं पेलाभर पाणी काढून त्यात खोलीतच एअर स्टोन तासभर चालवा. पीएच चढला तर टँकची हवेशी देवाणघेवाण अपुरी आहे आणि ऑक्सिजनवरचा संशय रास्त आहे. बाल्कनीतल्या हवेनेच चढत असेल तर दोष खोलीचा.

दुसरा आक्षेप: बुडबुडे आहेत, प्रवाह आहे, मग कमतरता कशी? साध्या एअर स्टोनचं मुख्य काम पृष्ठभाग ढवळण्याचं असतं. दिव्याच्या तिरप्या उजेडात पाणी वरून पाहा. धुळीचे कण जागच्या जागी उभे असतील आणि त्यांच्याभोवती तेलकट इंद्रधनुषी साय दिसत असेल, तर खाली कितीही प्रवाह असो, वरचं दार अर्धं मिटलेलं आहे. अशा वेळी ओव्हरफ्लो आणि स्किमर तपासायला हवेत.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: धाप तर व्हेल्वेटसारख्या परजीवी रोगातही लागते. खरं आहे, पण तो रोग दुपारी ओसरत नाही आणि कोळंबी-गोगलगायींना होत नाही. पहाटे निरनिराळ्या जातींचे मासे एकदम पृष्ठभागाशी तोंड उघडून उभे असतील, गोगलगायीही पाण्याच्या रेषेवर चढल्या असतील आणि दिवे लागल्यावर तासा-दोन तासांत सगळं पूर्ववत होत असेल, तर रोख ऑक्सिजनकडेच जातो. अमोनियाची चाचणी मात्र तेव्हाही चुकवू नये.

मोजण्यासाठी थेंबांची किट चालते. तिचं रसायन बहुधा लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये मांडलेल्या पद्धतीचंच असतं. बाटली पाण्याखालीच भरावी, आत बुडबुडा राहू देऊ नये. डिजिटल मीटर असेल तर क्षारता आधी नीट भरा. ती शून्यावर राहिली तर पावणेसातच्या जागी आठच्या वर आकडा दिसतो आणि खोटा दिलासा मिळतो. पहाटे संपृक्तता ८० टक्क्यांखाली गेली तर कारण शोधायला लागावं, असं मी मानतो. व्होडका किंवा व्हिनेगरचा जास्त डोस पडून जिवाणू वाढले आहेत का, खडकामागे काही मरून पडलं आहे का, मासे फार झाले आहेत का, हे पाहा. संपमध्ये शैवाल असेल तर त्यावरचा दिवा रात्री लावा. वीज जाते त्या गावात बॅटरीवरचा एअर पंप घेतल्याशिवाय पहिला मासा घेऊ नका.

एवढं करा: या आठवड्यात एकदा गजर लावून दिवे लागण्यापूर्वी मोजा, त्याच संध्याकाळी पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा. टँकची तब्येत त्या दोन आकड्यांतल्या फरकावर ठरवा.